आयुष्याचा अंदाज आणि औषधाची मुदत

महाड-पोलादपूर परिसरातील वैद्याकडे कर्करोगाचा रुग्ण प्रायः दोन वेळा येतो. पहिल्यांदा तो न भरणारी जखम, गाठ किंवा अकारण घटणारे वजन अशी तक्रार घेऊन येतो. दुसऱ्यांदा येतो तो मुंबईचे उपचार थांबल्यावर, ‘आता घरी न्या’ असे नातेवाइकांना सांगण्यात आल्यावर. पहिल्या भेटीतील आपले कर्तव्य स्पष्ट आहे. विनाविलंब तपासणीसाठी पाठविणे, एवढेच तेथे श्रेयस्कर. दुसऱ्या भेटीविषयी मात्र आपल्या व्यवसायात पुरेशी चर्चा झालेली नाही. रुग्ण अंथरुणाला खिळलेला असतो, मुलगा मुंबईहून चार दिवसांची रजा काढून आलेला असतो, आणि घराबाहेर आल्यावर तो हळूच विचारतो, “डॉक्टर, अजून किती दिवस?”

या प्रश्नाची आपल्याकडे सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. ‘ते परमेश्वराच्या हाती’ हे एक, आणि ‘तीन महिन्यांचे औषध घ्या, मग पाहू’ हे दुसरे. पहिल्या उत्तरात नम्रता आहे आणि दुसऱ्यात धीर आहे, हे मान्य करूनही ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत असे माझे मत आहे. रुग्णाच्या उरलेल्या आयुष्याचा अंदाज बांधणे हे वैद्याचे शास्त्रोक्त कर्तव्य आहे. आणि आपण लिहून देत असलेल्या औषधाची मुदत व त्याचा खर्च त्या अंदाजाशी जोडलेला असला पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच मुद्दा मांडण्याचा आहे.

शास्त्र काय सांगते

आयुष्यमर्यादेचा विचार ही आपल्याकडे बाहेरून आलेली कल्पना नव्हे. चिकित्सेस प्रारंभ करण्यापूर्वी सर्वप्रथम रुग्णाच्या आयुष्याची परीक्षा करावी, असे सुश्रुताचार्य सूत्रस्थानाच्या ३५ व्या अध्यायात सांगतात. चरकसंहितेतील इंद्रियस्थानाचे १२ अध्याय तर याच विषयाला वाहिलेले आहेत. त्यांतील काही अरिष्टे स्वप्न, छाया, दूत यांच्याशी संबंधित आहेत. मोबाइलवरून निरोप येण्याच्या काळात दूतपरीक्षा कशी करावी, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. उरलेली पुष्कळशी अरिष्टे शारीर आहेत आणि ती आजही रुग्णशय्येजवळ डोळ्यांनी दिसतात: बलमांसक्षय, अरोचक, शोथ, श्वास, मोह. बल व मांस यांचा तीव्र क्षय, व्याधीची वृद्धी आणि अरोचक ही तीन एकत्र दिसल्यास रुग्ण तीन पक्ष पार करीत नाही, असे विधान इंद्रियस्थानात आहे. तीन पक्ष म्हणजे सुमारे दीड महिना. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की अंदाज चुकण्याची शक्यता चरकाचार्यांनी स्वतःच नोंदविली आहे. खऱ्या अरिष्टानंतर मृत्यू अटळ असे सांगून ते लगेच बजावतात, की जे अरिष्ट नाही त्याला अरिष्ट समजणे किंवा असलेले अरिष्ट न ओळखणे, हे दोन्ही प्रज्ञापराध आहेत. म्हणजे चूक दोन्ही दिशांना होऊ शकते, हे आपल्या आचार्यांना पूर्ण ठाऊक होते. आपण मात्र व्यवहारात त्यांपैकी एकाच चुकीला भितो. ‘वैद्याने सांगितले आणि रुग्ण तर जगला’ ही अपकीर्ती आपल्याला नको असते. ‘वैद्याने सांगितले नाही आणि मुलगा पोहोचला नाही’ ही चूक कोणी आपल्या नावावर मांडत नाही, म्हणून ती आपल्याला जाणवत नाही.

अंदाज का चुकतो

आधुनिक वैद्यकातही हा विषय दीर्घकाळ दुर्लक्षित होता. सन २००० मध्ये निकोलस क्रिस्टाकिस व एलिझाबेथ लॅमाँट यांनी शिकागो येथील हॉस्पिसमध्ये दाखल झालेल्या ४६८ मरणासन्न रुग्णांविषयी ३४३ डॉक्टरांचे अंदाज नोंदवून घेतले आणि नंतर प्रत्यक्षाशी ताडून पाहिले. केवळ २० टक्के अंदाज बरोबर ठरले. ६३ टक्के अंदाज वास्तवाहून अधिक आशावादी होते. सरासरीने पाहता डॉक्टरांनी प्रत्यक्षाच्या पाचपटीहून अधिक आयुष्य गृहीत धरले होते. सन २००३ मध्ये पॉल ग्लेअर व सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात डॉक्टरांच्या अंदाजाचा मध्यांक ४२ दिवस होता आणि रुग्णांच्या प्रत्यक्ष आयुष्याचा २९ दिवस.

शिकागोच्या अभ्यासातील एक निष्कर्ष आपल्या दृष्टीने विशेष मननीय आहे. डॉक्टर व रुग्ण यांचा परिचय जितका जुना, तितका अंदाज अधिक चुकीचा. आपल्या भागात वैद्य हा त्या घराचा तीन-तीन पिढ्यांचा परिचित असतो. त्याने आजोबांच्या संधिवाताला तेल दिलेले असते, सुनेची बाळंतपणे पाहिलेली असतात, सणावारी त्याच घरी पंगतीला बसलेला असतो. ही जवळीक आपल्या व्यवसायाचे वैभव आहे. परंतु याच जवळिकीमुळे ‘हा अजून सहा महिने काढील’ असे आपले मन सांगू लागते. तेव्हा अंदाज केवळ मनाच्या कौलावर न सोडता मोजता येतील अशा लक्षणांवर बांधला पाहिजे.

पाच लक्षणांचे गणित

ही सोय जपानमधील तात्सुया मोरिता व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये उपलब्ध करून दिली. ‘पॅलिएटिव्ह प्रोग्नॉस्टिक इंडेक्स’ हे तिचे नाव. तिला रक्ततपासणी, क्ष-किरण वा सोनोग्राफी यांपैकी काहीही लागत नाही. इटलीमध्ये त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘पॅप स्कोअर’ या पद्धतीत पांढऱ्या पेशींची मोजणी लागते. तीही उपयुक्त आहे, परंतु घाटाखालच्या एखाद्या वाडीत रात्री नऊ वाजता पाच लक्षणांची पद्धतच उपयोगी पडते.

पहिले लक्षण बल, म्हणजे रुग्णाची हालचाल व स्वावलंबन. हे कॅनडातील व्हिक्टोरिया येथे १९९६ मध्ये तयार झालेल्या टक्केवारीच्या मापाने मोजतात. रुग्ण थोडाफार हिंडत-फिरत असेल (६० टक्के वा अधिक) तर शून्य गुण. बहुतांश वेळ बसून वा झोपून असेल किंवा पूर्ण अंथरुणाला खिळलेला असेल (३० ते ५० टक्के) तर अडीच. अंथरुणावर असून केवळ घोट-दोन घोट घेत असेल वा तेही बंद असेल (१० ते २० टक्के) तर चार. दुसरे लक्षण आहार: नेहमीसारखा असल्यास शून्य, कमी झाला असल्यास एक, केवळ चार घासांवर वा त्याहून कमी आला असल्यास अडीच. तिसरे शोथ: असल्यास एक. चौथे विश्रांतीतही लागणारा श्वास: असल्यास साडेतीन. पाचवे भ्रम, प्रलाप: असल्यास चार. मात्र एखाद्या औषधामुळे झालेला व ते थांबविल्यावर जाणारा भ्रम येथे धरावयाचा नाही.

या सर्वांची बेरीज चारहून अधिक झाल्यास रुग्णाचे आयुष्य बहुधा सहा आठवड्यांहून कमी, आणि सहाहून अधिक झाल्यास बहुधा तीन आठवड्यांहून कमी, असा हा अंदाज आहे. सहा आठवडे आणि तीन पक्ष यांतील साम्य वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. त्यावरून ‘आमच्या ग्रंथांत सर्व आधीच आहे’ असा जयघोष करण्याचे कारण नाही. मनुष्यदेह खालावण्याचा क्रम तोच असल्याने लक्षपूर्वक पाहणाऱ्या दोन परंपरांना तो सारखाच दिसला, इतकेच यावरून म्हणता येईल.

उदाहरणार्थ, यकृतात पसरलेल्या कर्करोगाचा एक रुग्ण कल्पनेत घेऊ. दिवसाचा बहुतेक काळ तो अंथरुणावर आहे (अडीच), पेजेचे चार घोट घेतो (अडीच), पायांवर सूज आहे (एक), श्वास व बुद्धी ठीक आहेत. बेरीज सहा. ती चारहून अधिक आहे, पण सहाहून अधिक नाही. म्हणजे विचार आठवड्यांच्या हिशेबाने करावयाचा. आठ दिवसांनी पाहावे आणि विश्रांतीतही श्वास लागत असेल तर बेरीज साडेनऊ होते. आता मुंबईच्या मुलाला दिवाळीच्या रजेची वाट पाहण्यास सांगणे योग्य नव्हे.

ही पद्धत अचूक नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मोरिता यांच्या अभ्यासात तीन आठवड्यांच्या आत मृत्यू पावलेल्या १०० रुग्णांमागे ८० जण या मापाने ओळखता आले, आणि त्याहून अधिक जगलेल्या १०० रुग्णांमागे १५ जणांविषयी अंदाज उगाच अशुभ ठरला. म्हणून एकदाच पाहून निर्णय देऊ नये. दर आठवड्याला पुन्हा पाहावे आणि बदलाचा वेग लक्षात घ्यावा. रुग्ण महिन्यामहिन्याने खालावत असेल तर महिने, आठवड्याआठवड्याने खालावत असेल तर आठवडे, रोज खालावत असेल तर दिवस, हा साधा ठोकताळा सर्वांना लक्षात ठेवण्याजोगा आहे.

अंदाजाचा उपयोग काय

‘मृत्यूचा दिवस कळून उपयोग काय, आपल्याला तर उपचार करावयाचे आहेत,’ असा आक्षेप काही वैद्यमित्र घेतील. याचे उत्तर असे, की उपचारच या अंदाजावर अवलंबून आहेत.

महिने हाती असतील तर अग्नी व बल यांचे रक्षण, रुग्णालयातील चालू उपचारांचे सातत्य आणि विचारपूर्वक योजलेले रसायन यांना अर्थ आहे. आठवडे उरले असतील तर औषधांची संख्या कमी करावी. क्षीणबल रुग्णास शोधन वर्ज्य आहे हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. तेव्हा नातेवाइकांच्या आग्रहाखातर पंचकर्माचा घाट घालू नये. वेदना, मलबद्धता, उलटी, शय्याव्रण यांकडे सारे लक्ष द्यावे. दिवस उरले असतील तर ओठांना तूप, ओल्या कापडाने मुखशुद्धी, कूस बदलणे आणि आप्तांचा सहवास हीच चिकित्सा. या अवस्थेत ‘ताकद यावी’ म्हणून चमच्याने बळेच पेज भरविली जाते आणि ती श्वासमार्गात जाते. भूक मंदावणे हे देहाच्या निरोपाचे लक्षण आहे, घरच्यांच्या सेवेतील उणीव नव्हे, हे सुनेला व मुलीला समजावून सांगणे हे वैद्याचे काम आहे.

तीव्र वेदनेसाठी लागणारे मॉर्फिन आपल्या अधिकारातील औषध नाही. परंतु ते कोठे मिळते हे ठाऊक असणे आपल्या कर्तव्यातील आहे. गुंगीकारक औषधांच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सुलभ झाले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय आहे, वांद्रे येथे १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र आहे, आणि कशेडी घाट उतरून दक्षिणेकडे गेल्यास डेरवण येथील वालावलकर रुग्णालय आहे. आठवड्यांचा हिशेब हाती असेल तर रुग्णाला एकदाच प्रवास घडवून वेदनाशामकाची व्यवस्था लावून देता येते. दिवसांवर आल्यावर तोच प्रवास छळ ठरतो. त्यातही आपला पावसाळा ध्यानात घ्यावा. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले, तळीये येथे दरड कोसळली आणि घाटरस्ते बंद पडले, हे कोणी विसरलेले नाही. ज्या वाडीतून रुग्णाला झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, तेथे ज्येष्ठातच आषाढाचा विचार करावा लागतो.

याशिवाय घरची कामे असतात. सातबाऱ्यावरील नाव, बँकेतील वारसनोंद, अबोला धरलेल्या भावाची भेट ही सर्व कामे शुद्ध हरपण्यापूर्वी व्हावी लागतात, आणि त्यांसाठी किती अवधी आहे हे वैद्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. उपशामक सेवेचा स्वीकार म्हणजे हार, ही समजूतही आता सोडून द्यावी. सन २०१० मध्ये बोस्टन येथे फुफ्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांना आरंभापासून अशी सेवा मिळाली त्यांच्या आयुष्याचा मध्यांक ११.६ महिने, तर इतरांचा ८.९ महिने आढळला.

सांगावे कसे

येथे इंद्रियस्थानाच्या अखेरच्या अध्यायातील उपदेश पुढे केला जाईल. मृत्यूची लक्षणे दिसली तरी वैद्याने न विचारता ती सांगू नयेत, आणि विचारल्यावरही जेथे रुग्णास वा इतरांस आघात होईल तेथे सांगू नयेत, असे आचार्य म्हणतात. विमानस्थानातील शिष्योपदेशाचा आशयही हाच आहे. हा उपदेश मला पूर्ण मान्य आहे. परंतु तो बोलण्याविषयीचा आहे. जाणून घेऊ नये असे आचार्यांनी कोठेही म्हटलेले नाही, उलट जाणण्यासाठी १२ अध्याय लिहिले. दुसरे असे, की आघात कशाने होतो हे काळाप्रमाणे पाहावे लागते. सारे कुटुंब एका घरात राहत होते तेव्हा मौनाने कोणाची भेट चुकत नव्हती. आज एक मुलगा मुंबईत, दुसरा सुरतेस, मुलगी घाटावर दिलेली, अशा घरात वैद्याचे मौन हाच आघात ठरू शकतो.

म्हणून प्रथम रुग्णालाच विचारावे, की त्याला किती जाणून घ्यावयाचे आहे आणि कोणाशी बोललेले चालेल. तारीख कधीही सांगू नये. ‘महिन्यांचा नव्हे, आठवड्यांचा विचार करावा लागेल, माझा अंदाज चुकूही शकतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहू’ एवढे शब्द पुरेसे आहेत. आणि हे सांगून झाल्यावर पुढच्या आठवड्यात खरोखर जावे. अंदाज सांगून पाठ फिरविणारा वैद्य आणि खोटी आशा दाखविणारा वैद्य यांत रुग्णाच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

औषधनिर्माते व विक्रेते यांस

हे नियतकालिक औषधनिर्माते व दुकानदार बंधूही वाचतात, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. ज्या रुग्णाचे आयुष्य तीन आठवड्यांचे दिसत आहे त्याच्या घरी सुवर्णकल्पांचा ९० दिवसांचा संच जातो, तेव्हा त्यातील दोन-तृतीयांशाहून अधिक औषध बाराव्या दिवशीही फडताळात तसेच असते. त्यासाठी गाय विकलेली असते किंवा पतपेढीचे कर्ज काढलेले असते. असाध्य व्याधीवर हट्टाने चिकित्सा करणाऱ्या वैद्याची अर्थ, विद्या व यश यांची हानी होते, असे चरकाचार्य सांगतात. येथे वैद्याआधी रुग्णाच्या घराची अर्थहानी होते आणि यशोहानी साऱ्या शास्त्राची होते. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने निषिद्ध आहेत, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु कायदा न मोडताही अन्याय होऊ शकतो.

माझी सूचना साधी आहे. उपशामक अवस्थेतील रुग्णास एका वेळी १० ते १५ दिवसांहून अधिक औषध देऊ नये. निर्मात्यांनी महागड्या कल्पांची लहान वेष्टने उपलब्ध करावीत. आणि न उघडलेले वेष्टन मृत्यूनंतर परत आल्यास, बिल पाहून विनातक्रार पैसे परत करण्याची प्रथा पाडावी. यात दुकानदाराचे नुकसान अल्प आहे. त्या घरातील पुढची पिढी मात्र त्या दुकानाची पायरी विश्वासाने चढेल.

एक वही

अखेर, परदेशातील आकडे आपल्या रुग्णांना किती लागू पडतात हे आपणच तपासले पाहिजे. त्यासाठी प्रयोगशाळा नको, एक वही पुरे. रुग्णाचे नाव न लिहिता वय, अर्बुदाचे स्थान, पाच लक्षणांचे गुण, आपल्याला दिसलेली शास्त्रोक्त अरिष्टे, आपला अंदाज व त्या दिवसाची तारीख लिहावी. पुढे मृत्यूची तारीख नोंदवावी. महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील दहा वैद्यांनी दोन वर्षे अशी नोंद ठेवली तरी इंद्रियस्थानातील कोणते लक्षण आजही खरे ठरते आणि कोणते नाही, हे आपल्याला स्वतःच्या अनुभवाने सांगता येईल. जुन्या परिचयाच्या घरी आपला अंदाज ढळतो, म्हणून अशा रुग्णासाठी शेजारच्या गावातील वैद्यास एकदा पाहावयास बोलवावे. त्यात कमीपणा मानू नये.

पुढील सभेच्या विषयपत्रिकेत या वहीचा विषय घ्यावा, अशी कार्यकारिणीस विनंती आहे. सुज्ञ वाचकांनी आपली मते, विशेषतः विरोधी मते, अवश्य कळवावीत. इत्यलम्.